पंख्याचा गोंगाट आणि त्याचा बंदोबस्त

धिंगरी अळंबीच्या लागवडीला शेत लागत नाही, ऊन लागत नाही आणि मातीही लागत नाही; निर्जंतुक केलेले गव्हाचे काड किंवा सोयाबीनचे भुसकट, खात्रीचे स्पॉन म्हणजे अळंबीचे बियाणे, प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि १० फूट लांबीरुंदीची एक रिकामी खोली एवढ्या सामग्रीवर, ज्याच्या नावावर कधी सातबारा लागला नाही असा शहरातला मनुष्यही पीक काढू शकतो. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातील अळंबी संशोधन प्रकल्प आणि हिमाचल प्रदेशातील सोलन येथील अळंबी संशोधन संचालनालय यांनी या विद्येचा प्रसार केला, आणि तिच्यातील ओल, तपमान व बेडची मांडणी या अंगांचा विचार येथे करावयाचा नाही. मात्र शेत आणि खोली यांत एक भेद असा आहे, की ज्याकडे लागवडीच्या पुस्तकांचे लक्ष सहसा जात नाही: शेताचा शेजारी बांधापलीकडे असतो आणि खोलीचा शेजारी भिंतीपलीकडे, बांधाचे भांडण दिवसाउजेडी होते, भिंतीचे भांडण रात्री.

या भांडणाचे मूळ बहुधा एकच असते, आणि ते म्हणजे खिडकीत बसविलेला एक्झॉस्ट पंखा. तो बंद ठेवून शेजारधर्म राखावा असे कोणास वाटले, तर पिकाच्या दृष्टीने ते शक्य नाही. अळंबी ही हिरवी वनस्पती नव्हे. ती आपल्याप्रमाणेच प्राणवायू घेते आणि कार्बन डायऑक्साइड सोडते. बुरशीचे पांढरे तंतू काडावर पसरत असतात त्या पहिल्या दोनतीन आठवड्यांत हा वायू साचलेला तिला खपतो, नव्हे मानवतो. पण पिशव्या काढून फळे धरण्याची वेळ आली, की तिची वृत्ती एकदम पालटते. बाहेरच्या हवेत दर दहा लाख भागांमागे या वायूचे सुमारे ४२० भाग असतात. खोलीत ते प्रमाण १००० च्या बरेच वर गेले, की धिंगरीचे देठ लांबत जातात, छत्र्या लहान आणि वाकड्या राहतात, आणि असा माल हातात घेऊन व्यापारी भाव पाडतो. शिवाय पक्व छत्र्यांतून बीजाणूंची जी सूक्ष्म धूळ अहोरात्र झडत असते, ती दीर्घकाळ श्वासावाटे गेल्यास खोकला, दमा आणि फुप्फुसांचा दाह होतो, हे अळंबीच्या मोठ्या कारखान्यांतील कामगारांच्या बाबतीत पूर्वीच दिसून आलेले आहे. तेव्हा पंखा हवाच; प्रश्न एवढाच की तो कोणता, कोठे आणि किती वेगाने चालावा.

बहुतेक लोक प्रथम बाजारात जो पंखा मिळेल तो आणून पूर्ण वेगाने सोडतात, आणि तक्रार आली म्हणजे मग त्या आवाजाला कोंडण्याच्या तजविजीस लागतात. कोणी पडदे लावतो, कोणी थर्माकोल चिकटवतो, कोणी भिंतभर अंड्यांचे ट्रे मारतो. हा क्रमच उलटा आहे. पंख्याचा जो गोंगाट आपल्या कानी पडतो, त्याचा फार मोठा भाग हा गरजेपेक्षा अधिक हवा, गरजेपेक्षा अधिक वेगाने, गरजेपेक्षा अरुंद वाटेने ढकलल्याचा असतो. म्हणून आवाजाचा बंदोबस्त करावयाचा तो आधी हवेचा जमाखर्च मांडून, आणि मागाहून, उरलेल्या आवाजापुरता, लाकूड आणि लोकर वापरून.

जमाखर्च अवघड नाही. १० फूट लांब, १० फूट रुंद आणि ९ फूट उंच खोलीत ९०० घनफूट, म्हणजे सुमारे २५ घनमीटर हवा मावते. फळे धरण्याच्या काळात ही हवा ताशी चार ते सहा वेळा बदलावी असा सर्वसाधारण दंडक धरला, तर तासाला १०० ते १५० घनमीटर हवा बाहेर गेली म्हणजे काम झाले. आता बाजारातला १२ इंची घरगुती एक्झॉस्ट पंखा मोकळ्या हवेत पूर्ण वेगाने तासाला हजार घनमीटरच्या आसपास, कित्येकदा त्याहूनही अधिक हवा फेकतो. म्हणजे गरजेच्या सातआठपट हवा फेकली जाते आणि त्या प्रमाणात खोलीतली ओलही बाहेर जाते. ८० ते ९० टक्के आर्द्रता राखण्यासाठी एका बाजूने फवारणी आणि दुसऱ्या बाजूने तिची हकालपट्टी असा दुहेरी खर्च सुरू होतो, आणि टाचणीच्या डोक्याएवढी नुकतीच फुटलेली पिनहेड्स त्या झोतात पिवळी पडून सुकतात. पीक आणि शेजारी यांचे हित येथे एकच आहे, ही गोष्ट मला या सबंध विषयात सर्वांत महत्त्वाची वाटते. जो पंखा शेजाऱ्याला सोसत नाही, तो बहुधा अळंबीलाही सोसत नसतो.

वेग कमी केल्याने आवाज किती कमी होतो याचा हिशेब पाहण्यापूर्वी डेसिबलची रीत समजून घेतली पाहिजे, कारण तेथे बेरीज-वजाबाकी आपल्या सवयीप्रमाणे चालत नाही. ध्वनीची शक्ती दसपट झाली की आकडा १० ने वाढतो आणि दुप्पट झाली की केवळ ३ ने. म्हणून एका पंख्याशेजारी तसाच दुसरा पंखा लावला, तर आवाज दुप्पट झाल्याचा भास होत नाही, आकडा ३ डेसिबलच वर जातो. कानाला मात्र १० डेसिबलची वाढ साधारणतः दुप्पट मोठी वाटते. आता पंख्याच्या पात्यांवरून हवा फाटत जाते तेव्हा होणारा आवाज वेगाच्या पाचव्या-सहाव्या घाताच्या प्रमाणात वाढतो. जेट इंजिनाच्या झोताचा आवाज वेगाच्या आठव्या घाताने वाढतो हे इंग्लंडमध्ये जेम्स लाइटहिल यांनी १९५२ साली गणिताने सिद्ध केले; आपला पंखा तितका उग्र नसला, तरी पाचवा घातही काही थोडा नव्हे. फेरे निम्मे केले की हवा निम्मी होते, पण आवाज सुमारे १५ डेसिबल खाली येतो, म्हणजे कानाला तो तिसऱ्या हिश्श्याएवढा वाटतो. याच न्यायाने एक पंखा पूर्ण वेगाने चालविण्याऐवजी तसेच दोन पंखे निम्म्या वेगाने चालविले, तर हवा तेवढीच जाते आणि आवाज १२ डेसिबलने कमी होतो. हे ऐकून पुष्कळांना प्रथम खरे वाटत नाही.

यातूनच मोठा पंखा संथ चालविण्याचे तत्त्व निघते. ९ इंची पंख्याऐवजी त्याच घडणीचा १२ इंची पंखा घेऊन त्यातून तेवढीच हवा काढावयाची, तर त्याचे फेरे मूळच्या निम्म्याहून कमी पुरतात, आणि कागदावरच्या हिशेबाने आवाज १० डेसिबलने उतरतो. कागदावरच्या म्हणण्याचे कारण असे की प्रत्यक्षात मोटरचा गुणगुणाट, जाळीचा अडथळा आणि चौकटीची थरथर ही मंडळी त्या हिशेबात धरलेली नसतात. तरीही दिशा निःसंशय तीच. दुकानदार लहान खोलीला लहान पंखा सुचवितो, आणि तो सल्ला किमतीच्या दृष्टीने रास्त असला तरी शांततेच्या दृष्टीने चुकीचा असतो.

वेग कमी करण्याच्या साधनातही पारख हवी. विजेच्या प्रवाहाची लाट मध्येच कापून वेग घटविणारे जे गोल फिरते इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर मिळतात, त्यांनी पंखा मंद होतो खरा, पण कापलेल्या लाटेमुळे मोटरच्या गुंडाळ्या आणि पत्रे थरथरू लागतात आणि पूर्वी हवेच्या आवाजाखाली झाकलेला एक किरटा गुणगुणाट उघडा पडतो. कंडेन्सरवर चालणारा, टप्प्याटप्प्याने फिरणारा रेग्युलेटर या बाबतीत पुष्कळ शांत असतो. पंख्याच्या मोटरला तो चालतो की नाही आणि किती भाराला चालतो, एवढे मात्र जाणत्या वायरमनला विचारून घ्यावे. फार खालच्या टप्प्यावर पंखा स्थिर अवस्थेतून आपण होऊन सुरू झाला नाही, तर मोटर तापते. म्हणून ज्या टप्प्यावर तो प्रत्येक वेळी हमखास उचल घेतो, त्याच्या खाली जाऊ नये. खर्चाची तयारी असल्यास बीएलडीसी मोटरचा पंखा घ्यावा; त्याचा वेग मोटरमध्येच आखलेला असल्याने ही सर्व कटकट टळते.

आवाज नेमका कोठून येतो हे ठरविण्याची एक सोपी परीक्षा आहे. रात्री पंखा चालू असता बटण बंद करावे आणि कान द्यावा. बटणाबरोबर तत्क्षणी जो आवाज तुटतो तो विजेचा. आपल्याकडे प्रवाह सेकंदाला ५० आवर्तने करतो आणि मोटरचा गुणगुणाट त्याच्या दुपटीने, १०० कंपनांवर असतो. पाती मंदावत जातात तसतसा जो हळूहळू उतरतो तो हवेचा; आणि पाती शेवटचे चारदोन फेरे घेत असता जी खरखर किंवा कुरकुर ऐकू येते ती बेअरिंगची किंवा कोरड्या पडलेल्या बुशची. नंतर पंखा पुन्हा चालू करून तो ज्या फळीवर बसविला आहे तिच्यावर तळहात दाबून धरावा. दाबताच आवाजाची जात बदलली, तर समजावे की पंखा स्वतः बोलत नसून फळीकडून बोलवून घेत आहे. सतारीची तार हवेत ताणून छेडली तर जवळच्यालाही धड ऐकू येणार नाही. तबलीवर चढली की सभागृह भरून टाकते. खिडकीच्या चौकटीत प्लायवूडचा पातळ तुकडा ठोकून त्यात चार स्क्रूंनी आवळलेला पंखा हे अगदी तसेच वाद्य आहे, फक्त ते कोणी मुद्दाम घडविलेले नसते.

यावर उपाय म्हणजे पंखा आणि इमारत यांचा प्रत्यक्ष संबंध तोडणे. फळी जाड आणि जड असावी. पंखा व फळी यांमध्ये मऊ रबराच्या गादीचा थर असावा. आणि स्क्रू त्या रबराला आरपार दाबून पुन्हा लोखंडाला लोखंड भिडवीत नाही ना, हे पाहावे, कारण रबर घालून वर स्क्रू करकचून आवळणारे कारागीर पुष्कळ आहेत आणि त्यांच्या हातून रबराचा पैसा फुकट जातो. गादी जितकी मऊ, म्हणजे तिच्यावर पंख्याचे वजन जितके अधिक खाली दबते, तितकी ती खालच्या पट्टीतली थरथरही अडविते. पंखा नळीला जोडायचा असेल तर मध्ये चारसहा इंचांचा कॅनव्हासचा सैल पट्टा घालावा. हा उपाय फार स्वस्त आहे आणि त्याचा गुण ताबडतोब दिसतो, विशेषतः तक्रार करणारा शेजारी भिंतीला भिंत लागून राहत असेल तेव्हा.

हवेच्या वाटेकडे लोक अत्यंत दुर्लक्ष करतात. पंखा हवा निर्माण करीत नाही, सरकवितो; म्हणून जेवढी हवा बाहेर जावयाची तेवढी आत येण्यास मुभा पाहिजे. दार घट्ट बंद, खिडक्यांना प्लॅस्टिक ताणलेले आणि आत येण्यास कोठेच वाट नाही अशा खोलीत पंखा उपाशी राहतो, पाती त्याच त्या हवेला घुसळत राहतात, दाराच्या फटी शिट्या घालू लागतात, आणि मालक म्हणतो की पंखा खराब निघाला. आत येणारी वाट पंख्याच्या तोंडाएवढी तरी असावी, आणि तिच्यावर माश्यांसाठी जाळी लावावयाची असल्यास दुपटीहून मोठी असावी, कारण बारीक जाळीत छिद्रांपेक्षा तारच अधिक असते. जाळी लावावी तर लागतेच; कुजणाऱ्या काडाच्या वासावर येणाऱ्या बारीक माश्या एकदा बेडमध्ये शिरल्या, की त्यांच्या अळ्या पीक खाऊन टाकतात. पण पंख्याच्या बाजूची जाळी पात्यांना खेटून बसवू नये. जाळीच्या तारांमागे हवेत जी खळबळ माजते, तिच्यातून पाती फिरू लागली म्हणजे प्रत्येक पाते प्रत्येक फेऱ्याला एकेक ठोसा देते. पाच पाती आणि मिनिटाला १४४० फेरे असतील, तर सेकंदाला १२० ठोसे, आणि त्या ठोशांतून एकच ठाम सूर उमटतो. नुसत्या वाऱ्याच्या सळसळीपेक्षा असा ठाम सूर झोपेचा अधिक घात करतो. जाळी आणि पाती यांत पंख्याच्या व्यासाएवढे अंतर ठेवले की हा सूर पुष्कळ विरतो.

हीच जाळी आठवड्याभराने टॉर्चच्या उजेडात तिरकी पाहावी. तिच्यावर भुसकटाची धूळ आणि बीजाणू यांचा करडा-पांढरा, ओलसर, बोटाने सोलून निघेल असा थर बसलेला दिसतो. ऐन हंगामात तर छिद्रे शोधावी लागतात. साध्या पात्यांच्या पंख्याला समोरचा दाब मुळीच सोसत नाही. जाळी तुंबली की हवा पात्यांवरून सुटी होऊन गडगडते, हवा घटते आणि आवाज चढतो. हवा कमी पडते म्हणून मालक वेग वाढवितो, वेगाबरोबर गोंगाट वाढतो, आणि सर्व दोष जाळीचा असता सजा पंख्याला होते. पात्यांवरही हाच थर कमीअधिक जाडीने बसून त्यांचा तोल बिघडवितो. प्रत्येक काढणीनंतर जाळी ब्रशने धुवावी, पाती ओल्या फडक्याने पुसावी, आणि पंखा बुशचा असेल तर शिलाई यंत्राच्या तेलाचे दोन थेंब द्यावे.

इतके सारे करून जो आवाज उरेल, त्याच्यासाठी पेटी. येथे मूळ अडचण अशी की ज्या भोकातून हवा जाते त्याच भोकातून आवाजही जातो, आणि भोक बुजविले तर पंख्याचे प्रयोजनच संपते. वीटभिंत ४५-५० डेसिबल सहज अडविते. पण तिच्या क्षेत्रफळाचा शंभरावा हिस्सा जरी उघडा राहिला, तरी त्या सबंध भिंतीची ताकद २० डेसिबलवर येते. हार्वर्डच्या वॉलेस सॅबाइन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सभागृहांतील घुमारा मोजण्याचे शास्त्र उभारले, तेव्हा ध्वनिशोषणाचे माप म्हणून त्यांनी उघडी खिडकी धरली, कारण उघड्या खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही. खोलीच्या आत बसणाऱ्याच्या दृष्टीने ते खरेच आहे. खिडकीबाहेर राहणाऱ्याचे काय, हा प्रश्न मात्र त्या मापात येत नाही.

पेटीचे तत्त्व असे, की हवेला वळणे घेऊन जाता यावे आणि आवाजाची प्रत्येक वळणावर लोकरीशी गाठ पडावी. १८ मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडची पेटी करून आतून ५० मिलिमीटर जाडीची, घनमीटरला ४८ किलो वजनाची रॉकवूलची पाटी बसवावी, आणि आडव्या फळ्या टाकून वाट निदान दोनदा वळवावी. बाहेरच्या तोंडातून डोकावले असता आतला दिवा दिसला, तर ती पेटी फसली असे समजावे. वाटेचे क्षेत्रफळ मात्र कोठेही पंख्याच्या तोंडाहून कमी होता कामा नये. दीडपट ठेवणे उत्तम. १२ इंची पंख्याचे तोंड सुमारे ७०० चौरस सेंटिमीटर असते, म्हणून वाट ६० सेंटिमीटर रुंद आणि १८ सेंटिमीटर उंच ठेवली म्हणजे पुरे. त्याच उंचीत मध्ये लोकरीची आणखी एक पाटी बसवून ९-९ सेंटिमीटरच्या दोन फटी केल्या, तर गुण आणखी वाढतो. तेवढीच हवा आता लोकरीच्या दुप्पट पृष्ठभागावरून जाते, आणि शोषण हे पुष्कळसे त्या पृष्ठभागावर अवलंबून असते. अर्थात त्या पाटीच्या जाडीएवढी जागा पेटीत आधीच वाढवून ठेवावी लागते.

या पेटीकडून अवास्तव अपेक्षा करू नये. सळसळ, शिटी, खरखर अशा वरच्या पट्टीतल्या आवाजांना ती गिळून टाकते. पण १०० कंपनांच्या गुणगुणाटाची तरंगलांबी जवळजवळ साडेतीन मीटर असते, आणि त्याच्या दृष्टीने दोन इंच लोकर ही नसल्यासारखीच आहे. म्हणूनच गुणगुणाट पेटीवर न सोपविता मोटर आणि रेग्युलेटर यांच्या पातळीवरच मिटवावा लागतो. आवाजाला उलटा आवाज भिडवून तो शमविण्याची कल्पना जर्मनीतील पाउल ल्यूग यांनी मांडली आणि १९३६ साली तिला अमेरिकेत पेटंट मिळाले. नळीतून जाणाऱ्या खालच्या पट्टीतल्या आवाजावर ती खरोखर चालते, परंतु १० फुटी खोलीतल्या धंद्याच्या आवाक्यातली ती गोष्ट नव्हे.

अळंबीच्या खोलीत या पेटीवर एक वेगळेच संकट येते, जे कचेरीच्या किंवा नाट्यगृहाच्या वातानुकूलनात क्वचितच येते. ९० टक्के आर्द्रतेची, बीजाणूंनी भारलेली हवा अहोरात्र ज्या लोकरीवरून वाहते, ती लोकर काही आठवड्यांत ओली होते, तिच्यावर भुसकटाची धूळ बसते, आणि मग तेथे आपण न पेरलेली बुरशी उगवते. बेडवर हिरवे डाग पाडून पीक बसविणारी ट्रायकोडर्मा ही तर अशा जागांची जुनी वहिवाटदार. उघडा फोम चिकटविला तर तो याहून लवकर कुजतो. म्हणून लोकरीवर अगदी पातळ प्लॅस्टिकचा पापुद्रा सैलसर पांघरून वर भोकांचा पत्रा बसवावा. पापुद्र्याने वरच्या पट्टीतले शोषण थोडे घटते, पण पेटी पुसता येते, आणि पुसता न येणारी वस्तू या खोलीत ठेवूच नये. थंडीच्या रात्री बाहेरच्या थंड प्लायवूडवर आतली वाफ पाणी होऊन जमते. तिच्यासाठी पेटीचा तळ बाहेरच्या बाजूला उतरता ठेवून एक बारीक भोक सोडावे. प्लायवूड मरीन प्रतीचे घ्यावे. पेटी आतल्या बाजूने स्क्रूंवर उघडती असावी. खिळे मारून कायमची बंद केलेली पेटी पहिल्या हंगामानंतर तोडावीच लागते.

अंड्यांच्या ट्रेविषयी आणि थर्माकोलविषयी लोकांत जी श्रद्धा आहे तिला आधार नाही. ट्रे हलका आणि पातळ असतो, त्यामुळे तो आवाज अडवीत नाही, आणि फार तर वरच्या पट्टीतला घुमारा थोडा मोडतो. थर्माकोलची छिद्रे एकमेकांना जोडलेली नसल्याने हवा त्यात शिरत नाही आणि आवाजही मुरत नाही. उष्णता अडविणारी वस्तू आवाजही अडवील हा ग्रह सोडून द्यावा. आवाज अडविण्यास वजन लागते आणि मुरविण्यास सच्छिद्रता लागते. थर्माकोलात यांपैकी एकही गुण नाही.

शहरातल्या फ्लॅटमध्ये पंखा बहुधा डक्टमध्ये उघडतो, आणि तेथे हिशेब निराळा होतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो. पण चारी बाजूंनी सिमेंटच्या गुळगुळीत भिंती असलेल्या डक्टमध्ये तो पसरण्यास जागाच नसल्याने भिंतींवर आपटत वर चढतो, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या पंख्याची फिर्याद कधी कधी सहाव्या मजल्यावरून येते. अशा ठिकाणी पंखा डक्टच्या तोंडाशी न बसविता खोलीच्या मध्याकडे, छताला रबरावर टांगून बसवावा आणि तेथून आतून लोकर लावलेली नळी डक्टपर्यंत न्यावी. नळीसाठी साधा पात्यांचा पंखा न घेता दाब सोसणारा इनलाइन पंखा घ्यावा. नळी ताणून सरळ न्यावी. जाहिरातीतली ती सुरकुत्यांची लवचीक नळी सैल लोंबत ठेवली, की तिच्या प्रत्येक घडीशी हवा अडखळते. व्यासात कंजूषपणा करू नये, कारण व्यास निम्मा केला तर तेवढ्याच हवेला चौपट वेगाने धावावे लागते.

चालू-बंद करणाऱ्या टायमरचा मोह पुष्कळांना होतो; पाव तास पंखा, पाऊण तास शांतता, असा तो बेत. दिवसा तो चालेल. रात्री मात्र एकसारख्या मंद आवाजाला कान सरावतात, तर दर तासाला उठणारा झोत प्रत्येक वेळी नव्याने जागे करतो. रात्रीपुरता पंखा सर्वांत खालच्या टप्प्यावर अखंड चालू ठेवणे हेच शेजाऱ्यास आणि पिनहेड्सना दोघांनाही मानवते. तंतू पसरण्याच्या काळात तर पंख्याची गरज फार थोडी असते. म्हणून ज्याच्याजवळ दोन खोल्या आहेत त्याने वस्तीकडची खोली त्या कामासाठी ठेवावी आणि फळांची खोली रस्त्याकडे घ्यावी.

केंद्र सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. हे माप माणसाच्या कानाच्या कलाप्रमाणे केलेले असते. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली दाखवून दिले, की मंद आवाजात खालच्या पट्टीतले सूर कानाला फार कमी ऐकू येतात. म्हणून मापक यंत्र १०० कंपनांचा गुणगुणाट १९ डेसिबल वजा करूनच धरते. परिणाम असा, की मोबाइलवरचा आकडा ४५ च्या आत असतो, कायदा आपल्या बाजूने असतो, आणि तरीही शेजाऱ्याला उशीला कान लावला की भिंतीतून घूं घूं ऐकू येते. त्याची कैफियत खोटी नसते, यंत्राची नोंदही खोटी नसते. आकडा दाखवून त्याच्याशी वाद घालण्यापेक्षा एकदा त्याच्या खोलीत जाऊन स्वतः ऐकावे, आणि गुणगुणाट असेल तर रबर व रेग्युलेटर, सळसळ असेल तर वेग व पेटी, अशी दुरुस्ती करावी.

या सर्व उपायांत सर्वांत किफायतशीर उपाय कोणता असे कोणी मला विचारले, तर मी पेटीचे नाव घेणार नाही. मोठा पंखा, खालचा टप्पा आणि धुतलेली जाळी यांनीच बहुतेक खोल्यांचे काम भागते, आणि पेटीची गरज उरलीच तर ती निम्म्या आकाराची पुरते. ज्यांना अद्याप खोली सजवावयाची आहे त्यांना एवढीच विनंती, की पंख्यासाठी भिंतीला भोक पाडण्यापूर्वी त्या भिंतीपलीकडे कोण निजते याची चौकशी करावी.